शांततेचाही बाजारभाव

स्वमग्न मुलाला घेऊन प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाला उपदेश एकच: गर्दीची वेळ टाळा, मुलाला गोंगाटापासून जपा. स्वतःची मोटार असणाऱ्यास ते साधेलही; पण गणपतीखेरीज रजा न मिळणाऱ्या मुंबईच्या कामगाराने कोकणात जाताना गर्दी टाळावी कशी? कर्ण्यावरची प्रत्येक घोषणा ज्याच्या कानांवर घणासारखी आदळते, ते पोर स्थानकातच किंचाळू लागते आणि भोवतालचे लोक आईला नावे ठेवतात! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. बस व रेल्वे स्थानकांवर सोयी करण्याची जबाबदारीही सरकारवरच आहे. सरकारची कल्पनाशक्ती मात्र चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारापाशी थांबते (तोही धड नसतो). स्थानकात व्यापारी गाळ्यांना जागा निघते. मग मंद दिव्याच्या एका शांत खोलीला का नाही, हे तालुका शाखांनी आगार व्यवस्थापकांना विचारावे.