जुने चित्र आणि हरवलेला संकेत

व्हिडिओ गेमसंबंधीच्या चर्चेत एक विधान इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच भासत नाही. जुन्या खेळांचे ग्राफिक्स कालबाह्य झाले आहेत आणि म्हणूनच नवा खेळणारा त्यांच्याकडे पाठ फिरवतो, हे ते विधान होय. त्याला मिळणारे उत्तरही तितकेच सराईत असते : ग्राफिक्सला महत्त्व नाही, खेळ चांगला असला की पुरे. हे दोन पक्ष वरकरणी परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोघेही एकाच गृहीतावर उभे आहेत. चित्र हा खेळाचा पोशाख आहे, असे दोघेही मानतात. एकाला तो जुना झाला म्हणून बदलायचा आहे, दुसऱ्याला त्याच्याकडे काणाडोळा करायचा आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या ज्या द्वैताशी साहित्यसमीक्षा दीर्घकाळ झगडली, तेच द्वैत येथे नव्या माध्यमाच्या आडोशाने परतलेले दिसते.

पहिल्या पक्षाच्या मुळाशी प्रगतीची एक भाबडी कल्पना आहे. चित्र क्रमाक्रमाने वास्तवाच्या जवळ सरकते आणि म्हणून नंतरचे चित्र आधीच्या चित्राला रद्द करते, अशी ही समजूत. रोमान याकोबसनने १९२१ मध्ये कलेतील वास्तववादावर लिहिलेल्या निबंधात 'वास्तव' या संज्ञेची संदिग्धता उघड केली होती; एका पिढीला जे वास्तवाचे यथातथ्य रूप वाटते, तेच दुसरीला रूढ संकेत वाटते. गॉम्ब्रिखने 'आर्ट अँड इल्यूजन' (१९६०) या ग्रंथात संस्काररहित, 'निरागस' डोळा ही कल्पनाच नाकारली. या विवेचनाला दशके लोटल्यानंतरही एखाद्या माध्यमाचा इतिहास केवळ पिक्सेलांच्या वाढत्या संख्येने मोजला जात असेल, तर तो त्या माध्यमाचा नव्हे, त्याच्या समीक्षेचा मागासलेपणा होय.

प्रत्यक्ष व्यवहारही या समजुतीला दुजोरा देत नाही. 'अंडरटेल' (२०१५) आणि 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हे खेळ जुन्या पद्धतीच्या ठसठशीत पिक्सेलांत रेखाटलेले आहेत. पैकी दुसऱ्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. यावर असा आक्षेप घेतला जाईल, की हे खेळ दिसायला जुने असले तरी हाताळायला नवे आहेत. आक्षेप रास्त आहे. परंतु तो घेणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. चित्र जुन्या वळणाचे असूनही खेळणारा थांबत असेल, तर त्याला परतवणारे कारण चित्राच्या वयात नाही, अन्यत्र शोधले पाहिजे.

अर्थात, सर्वच जुनी चित्रे सारखीच सुसह्य असतात, असेही नाही. 'डॉन्की काँग' (१९८१) या खेळातील मारिओला टोपी आहे, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणे अवघड होते. मिशा आहेत, कारण तोंड दाखवणे अवघड होते. हे चित्र हुबेहूबपणाचे कोणतेही आश्वासन देत नाही. ते एक चिन्ह आहे आणि चिन्ह म्हणूनच वाचले जाते. याउलट 'फायनल फँटसी सेव्हन' (१९९७) पाहावा. त्यातील पात्रे नित्याच्या वावरात ठोकळ्यांसारखी, लढाईत बरीच प्रमाणबद्ध आणि मधल्या चित्रफितींत आणखी निराळी दिसतात. १६ वर्षांनी अलीकडचे हे चित्र आजच्या डोळ्याला अधिक खुपते, ही बाब 'जुने म्हणून नकोसे' या सूत्राला छेद देते. खुपते ते चित्राचे वय नसून त्याने दिलेले वचन आणि त्याची पूर्ती यांतील अंतर होय. आणि हे अंतरही स्थिर नसते. समकालीन खेळणाऱ्याला ते जाणवले नाही, कारण याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते त्या काळी तेथवरच पोचले होते.

दुसरी गोष्ट यंत्राची. मूकपट सेकंदाला सुमारे १६ ते १८ चौकटी या गतीने चित्रित होत. ते पुढे २४ चौकटींच्या गतीने दाखवले गेले, तेव्हा माणसे तुरुतुरु पळताना दिसू लागली आणि प्रेक्षक हसले. ते हसू मूकपटाला नव्हते, चुकीच्या प्रक्षेपणाला होते. 'सॉनिक द हेजहॉग' (१९९१) या खेळातील धबधबे एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेले आहेत. त्या काळच्या काचनळीच्या टीव्हीवर, साध्या केबलमधून येताना, त्या रेघा एकमेकींत मिसळत आणि पारदर्शक पाण्याचा भास होई. आजच्या सपाट पडद्यावर केवळ रेघा दिसतात. हे पाहून जो खेळणारा ग्राफिक्सला नावे ठेवतो, त्याने मूळ चित्र पाहिलेलेच नसते.

तिसरी गोष्ट हाताची. 'गोल्डनआय' (१९९७) हा खेळ एकाच स्टिकच्या कंट्रोलरसाठी रचलेला होता; दोन स्टिकांवर चालणे आणि नेम धरणे विभागण्याचा संकेत पुढे रूढ झाला. 'रेसिडेंट ईव्हिल' (१९९६) मध्ये 'वर' ही कळ पात्राला पडद्यावर वर नेत नाही, तर ते ज्या दिशेला तोंड करून उभे असेल त्या दिशेला नेते. आजचा हात येथे अडखळतो आणि तक्रार मात्र डोळ्याच्या नावे नोंदवली जाते. वास्तविक त्या खेळात कॅमेऱ्याचे कोन स्थिर असून ते अचानक बदलतात. कोन बदलला तरी चालण्याची दिशा बदलू नये, हे या रचनेमुळेच साधते. चित्र आणि चलन तेथे एकमेकांत विणलेले आहेत. एकाला पोशाख ठरवून उतरवू गेल्यास दुसरेही उसवते.

ते कसे उसवते, याचे उदाहरण 'सायलेंट हिल' मालिकेत सापडते. १९९९ मधील पहिल्या खेळात यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून गावावर धुके पसरवले गेले; आणि धुके हाच त्या गावाचा अर्थ झाला. २००१ मधील दुसऱ्या भागाची उजळलेली आवृत्ती २०१२ मध्ये आली, तेव्हा धुके विरळ झाले आणि जे दिसू नये म्हणून ते योजले होते, त्या अर्धवट कडा दिसू लागल्या. चित्र स्पष्ट झाले, भय गेले. उणीव दूर करताना संहितेतील अर्थच पुसला गेला.

हा वाद केवळ अभिरुचीचा असता, तर त्याची इतकी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु 'कालबाह्य' या शब्दाच्या आधारे मूळ कृतीच नाहीशा होत आहेत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतील तीन खेळांची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हा जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून घेण्यात आल्या; संगणकावरील मूळ आवृत्त्या पुन्हा उपलब्ध झाल्या त्या तीव्र नाराजीनंतरच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नव्हते. नवा खेळणारा जुन्या खेळाकडे वळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी वळण्यासाठी खेळ शिल्लक आहे काय, हे आधी पाहावे.

मार्ग अस्तित्वात आहे. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) या खेळाच्या २००९ मधील आवृत्तीत आणि 'हेलो'च्या २०११ मधील आवृत्तीत एक कळ दाबताच नवे चित्र जाऊन जुने समोर येते. मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. सार्थ ज्ञानेश्वरीत ओवी छापली जाते आणि तिच्यालगत आजच्या भाषेतील अर्थ दिला जातो. अर्थ दिला म्हणून ओवी गाळली जात नाही. ओवीची भाषा कालबाह्य आहे म्हणून केवळ अर्थच छापावा, असे कोणी सुचवले तर मराठीचा अभ्यासक ते ऐकून घेणार नाही. जुन्या खेळाच्या चित्राबाबत मात्र तेच सुचवले जाते आणि त्याला सुधारणा म्हटले जाते. ते चित्र ही त्या खेळाची भाषा आहे. ती अवगत नसेल तर टीप द्यावी, योग्य पडदा द्यावा, हात बसण्यास अवधी द्यावा. मूळ पाठ पुसण्याचा अधिकार कोणत्याही संपादकाला नाही, प्रकाशकालाही नसावा.