जुन्या शिवणयंत्राचें गोत्र

माळ्यावर किंवा माजघराच्या कोपऱ्यांत झांकून ठेविलेलें जुनें शिवणयंत्र नाहीं, असें घर आपल्या वाचकवर्गांत विरळाच असेल. यंत्राचें लोखंड शाबूत असतें, चाक फिरतें, लांकडी पेटीहि टिकून असते. अडतें तें एखाद्या बोटभर धोट्यापाशीं, नाहीं तर एका स्क्रूपाशीं. दुकानदार म्हणतो, "याचें सामान आतां येत नाहीं," आणि घरांतील तरुण मंडळी भंगाराचा भाव विचारूं लागतात. आमच्या मुकुटबनासारख्या गांवीं हा प्रश्न अधिकच जाचक. येथून वणीस जावें तर चालू बनावटीचे तेवढेच भाग मिळतात. नागपुरास जावें तर दुकानें पुष्कळ, पण आपल्याला नेमकें काय पाहिजे हेंच सांगतां येत नाहीं. माझ्या मतें "येत नाहीं" या उत्तराचें मूळ पुष्कळदां आपल्या प्रश्नांतच असतें. आपण कंपनीचें नांव सांगतों. सांगावयाचा असतो यंत्राचा वर्ग.

न्यायशास्त्रांत कोणत्याहि पदार्थाचा विचार उद्देश, लक्षण आणि परीक्षा अशा तीन पायऱ्यांनीं करितात. आधीं वस्तूचें नांव घ्यावें, मग तिला इतरांपासून निराळी करणारी खूण सांगावी, मग ती खूण पडताळून पाहावी. सुटा भाग शोधणारानें याच वाटेनें जावें.

आपल्याकडील जुन्या यंत्रांत सिंगर कंपनीचीं फार. आयझॅक मेरिट सिंगर यांस १८५१ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें, आणि पुढें स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथें त्या कंपनीचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. तो १९८० मध्यें बंद पडला. त्या कारखान्याच्या यंत्रांच्या प्रकारास '१५ के', '२८ के', '६६ के' असे आंकडे असत. परंतु गंमत अशी कीं, जुन्या यंत्रांवर हा प्रकार बहुधा कोरलेलाच नसतो. खांबाच्या पायथ्याशीं बैठकीवर जो लांबलचक क्रमांक असतो, त्यावरून यंत्र कोणत्या सालचें तें काढतां येतें. १९०० पूर्वींच्या क्रमांकांत नुसते आंकडे असत. पुढें आरंभीं एक वा दोन अक्षरें येऊं लागलीं. या क्रमांकांचे तक्ते आतां मोबाइलवरहि पाहावयास मिळतात. तेव्हां प्रथम त्यावरचें तेल-धूळ पुसून तो क्रमांक कागदावर उतरून घ्यावा.

लक्षण मात्र यंत्राच्या पोटांत असतें. खालचा दोरा कशांत राहतो तें पाहा. होडीच्या आकाराचा धोटा पुढें-मागें झुलत असेल आणि त्यांत लांबट, बारीक बॉबिन असेल, तर तें २७, २८ किंवा १२७, १२८ या कुळांतील यंत्र. वाटोळें बॉबिन लहानशा डबींत घालून बाजूनें बसवावें लागत असेल तर तो १५ चा वर्ग. वाटोळेंच बॉबिन वरून, पट्टी सरकवून खालीं सोडावयाचें असेल तर ६६. शेवटच्या दोन वर्गांचीं बॉबिनें वरवर सारखींच दिसतात, पण १५ चें बाजूंनीं सपाट असतें, ६६ चें किंचित् फुगीर. एकाचें दुसऱ्यांत बसल्यासारखें वाटतें आणि टाका मात्र बिघडतो. विवाहांत सगोत्र वर्ज्य मानितात. येथें सगोत्रावांचून जमतच नाहीं.

यांतील १५ च्या वर्गाचें भाग्य थोर. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनीं याच बनावटीस प्रमाण मानून आपलीं घरगुती यंत्रें काढलीं, आणि आपल्या देशांतील पुष्कळ यंत्रेंहि त्याच वळणाचीं आहेत. म्हणून ज्या कंपनीचें नांवहि आतां कोणास आठवत नाहीं, तिच्या यंत्रास आजच्या बाजारांतील बॉबिन व डबी बिनतक्रार बसते. पंजाबांतील लुधियाना हें या सुट्या भागांचें मोठें माहेर. नागपूरच्या दुकानदारास "१५ च्या वर्गाची डबी" एवढें सांगितलें कीं पुरे.

सुईच्या बाबतींत दोन आंकड्यांचा घोटाळा होतो. पाकिटावर १४, १६, १८ असा जो आंकडा असतो तो जाडीचा. '१५×१' हा सुईच्या जातीचा, आणि जपानी पद्धतींत तिलाच 'एचए×१' म्हणतात. वर सांगितलेल्या सर्व वर्गांस हीच सुई चालते. १८६५ सालीं निघालेल्या सिंगरच्या १२ क्रमांकाच्या यंत्रास मात्र वाटोळ्या दांड्याची '१२×१' जातीची सुई लागते, आणि ती आज सहजासहजीं हातीं येत नाहीं. तसें यंत्र असेल त्यानें सुया मिळतील तेव्हां चार अधिक घेऊन ठेवाव्या.

आतां स्क्रूविषयीं; आणि येथें मला आमच्या घरचें थोडें सांगणें भाग आहे. माझ्या मातोश्रींचें २८ के यंत्र पुढें वहिनींकडे आलें. बंधूंच्या पश्चात् दोन मुलांचें शिक्षण वहिनींनीं त्याच यंत्रावर पार पाडिलें. गांवांतल्या किती पोलक्यांना आणि शाळेच्या गणवेशांना त्यांचा हात लागला असेल याची गणती नाहीं. तीन वर्षांपूर्वीं कापड दाबणाऱ्या पायाचा स्क्रू हरवला. एका कारागिरानें सायकलच्या सामानांतला जवळपास तसा दिसणारा स्क्रू पान्यानें जोर करून बसविला. सिंगरचे आटे तिचे स्वतःचे असत, बरेचसे एका इंचांत चाळीस. बाजारी स्क्रूशीं त्यांचें जुळत नाहीं. दांडींतले आटेच फाटले, पाय शिवतांना डुगडुगूं लागला. पुतण्या म्हणाला, "आई, विजेचें नवें घेऊं, हें देऊन टाक." वहिनी म्हणाल्या, "नवें खुशाल आण. पण हें माझ्या डोळ्यांदेखत तराजूंत घालायचें नाहीं." पुढें दोन दिवस त्या कोणाशीं फारशा बोलल्या नाहींत.

दांडी आणि स्क्रू दोन्ही अखेर वणीच्या एका भंगाराच्या ढिगांत सांपडलीं. तेथें त्याच कुळांतील एक यंत्र पडलें होतें. चाक फुटलेलें, बैठकीस तडा गेलेला, पण आंतला संसार जागच्या जागीं. आम्ही तें डोकें सबंध विकत घेतलें. धोटा, त्याचा वाहक, दांते, स्प्रिंगा, असे आठ-दहा भाग त्यांतून निघाले. माझा अनुभव असा कीं, जुन्या यंत्राचें खरें दुकान म्हणजे दुसरें मोडकें यंत्र. नवे बनविलेले होडीचे धोटे मिळतात खरे, पण कित्येकांचें टोंक खरबरीत असतें, ताणाची पट्टी ढिली असते, आणि ते दोरा कापतात. घेतेवेळीं टोंकावरून नख फिरवून पाहावें. नख अडलें तर परत द्यावा.

पुष्कळदां तर भाग झिजलेलाच नसतो. आपल्याकडे यंत्रास खोबरेल घालण्याची जुनी खोड आहे; तें वाळून डिंकासारखें होतें, आणि मग लोक म्हणतात आंत कांहीं तुटलें. थोडें रॉकेल घालून चाक सावकाश फिरवावें, मळ सुटला कीं पुसून यंत्राचें पातळ तेल द्यावें. बॉबिन भरावयाच्या चाकाची रबरी कडी तर कोणतीहि योग्य मापाची चालते. तीसाठीं नागपूर गांठण्याचें कारण नाहीं. पायानें चालवावयाच्या यंत्राचा चामड्याचा पट्टाहि तसाच, मापानें कापून तारेच्या चिमट्यानें जोडतां येतो.

भाग आणावयास जातांना जुना, मोडका कां असेना, बरोबर न्यावा, आणि नवा मिळाल्यावरहि तो टाकूं नये. दोऱ्यानें बांधून, चिठ्ठी लावून पेटींत ठेवावा. वहिनींच्या पेटींत अशा सात पुरचुंड्या आहेत.

राहिली परीक्षा. नवा धोटा किंवा डबी बसविल्यावर वर पांढरा आणि खालीं तांबडा दोरा घालून मांजरपाटाच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर शिवण घालावी. दोन्ही दोऱ्यांची गांठ कापडाच्या मधोमध दडली पाहिजे. उलट्या बाजूस पांढरे फांसे सैल दिसूं लागले तर नव्या धोट्यास दोष देऊं नये. ढिला पडलेला असतो तो वरच्या दोऱ्याचा ताण, आणि वरची चकती थोडी आवळली कीं तो बसतो.