शासन कोणाच्या दारी?

सप्टेंबर २०२३ च्या प्रारंभी बुलढाण्यात ‘शासन आपल्या दारी’ या मोहिमेचा जिल्हा सोहळा मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत पार पडला. त्याच्या सहा आठवडे आधी, २२ जुलै रोजी, घाटाखालच्या संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने हाहाकार उडविला होता. शेते खरडून गेली होती, घरांत पाणी शिरले होते. घाटावर मंडप आणि घाटाखाली चिखल, असे हे दृश्य होते. दारी येणाऱ्या शासनाला लाभार्थ्यांनीच गाड्यांत बसून जिल्ह्याच्या गावी जाऊन भेटावे लागते, यातील विसंगती मंचावरील कोणालाही टोचली नाही.

या पूरग्रस्त शेतकऱ्याला मदत कशी मिळते? त्याचे शेत वाहून गेल्याचे तलाठी पाहतो, पंचनामा होतो, तहसीलमध्ये यादी तयार होते. पूर्वी यानंतर पैसे बँकेत जात. २०२३ पासून यादीतील प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळू लागला. तो घेऊन त्याने सेवा केंद्रात जायचे, यंत्रावर अंगठा ठेवायचा, आधारशी तो जुळला तरच रक्कम खात्यात. म्हणजे नुकसान झाल्याचे शासनाने स्वतःच मान्य केले, तरीही आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर! ज्यांची बोटे कापूस वेचून आणि निंदण करून झिजली, त्यांचा अंगठा यंत्राने नाकारला तर दोष कोणाचा? सातपुड्याच्या पायथ्याशी जेथे मोबाईलला धड संपर्क मिळत नाही, तेथील आदिवासीने मजुरी बुडवून सोनाळा वा टुनकीपर्यंत किती खेपा घालायच्या? २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ही अट शिथिल करण्यात आली, हे खरे. परंतु तो क्रमांकही सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतो. बटाईने शेत कसणारा त्या नोंदीत नसतो, तसाच या क्रमांकातही नसतो.

यंत्राला विरोध करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या घरी चार हेलपाटे घालणाऱ्या पिढीला पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. जुन्या कचेरीच्या आठवणीने गहिवरून जाण्याइतकी ती कचेरी कधीच लोकांची नव्हती. आक्षेप वेगळा आहे. शासनाने आपले काम संगणकावर नेले आणि त्याच ओघात आपली जबाबदारी नागरिकाच्या व एका अल्पवेतनी मध्यस्थाच्या अंगावर ढकलली.

या मध्यस्थाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. २०११ मध्ये राज्यात ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ ही योजना आली. तिचे संक्षिप्त नाव ‘संग्राम’. संग्रामपूरकरांना ते आपल्याच गावाचे वाटावे! ग्रामपंचायतींत तरुण संगणकचालक नेमले गेले. कंपनीमार्फत नेमणूक आणि तुटपुंजे मानधन यांविरुद्ध ते रस्त्यावर उतरले. २०१५ अखेर योजना गुंडाळली गेली आणि पुढच्या वर्षी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हा नवा फलक लागला. मालक बदलला, रीत तीच राहिली. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये कापले जात, आणि केंद्रचालकाच्या हाती पडत सुमारे सहा हजार. गावाच्या विकासाचा पैसा, राबणारा गावचा तरुण, आणि मधला वाटा कंपनीचा. वर २०२५ मध्ये दाखल्यांचे सेवाशुल्क २० वरून ५० रुपये झाले. उत्पन्नाचा दाखला काढणारी विधवा ही ग्राहक आहे, असे मानल्याशिवाय असा निर्णय होत नाही.

प्रचारपथके गावात येतात तेव्हा पोर्टलचे नाव सांगतात, ॲप उतरवून देतात, छायाचित्रे काढतात. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम मात्र क्वचितच समजावून सांगतात. हा विसर सोयीचा आहे. या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळविणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. सेवांची यादी, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी व अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयाच्या सूचना फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच दिलीच पाहिजे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोर्टल सांगितले की शासनाचे कौतुक होते. कायदा सांगितला की शासनाला जाब द्यावा लागतो. म्हणून एकाची जाहिरात आणि दुसऱ्याबद्दल मौन.

तेव्हा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या शिबिरात हार घालणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये. तहसील कचेरीत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत तो फलक आहे काय, ते आधी पाहावे. नसल्यास लेखी विचारणा करावी. केंद्रात दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी आणि केंद्रचालकाशी भांडू नये. त्याच्या मानधनाची लढाईही आपलीच आहे. अंगठा नाकारला गेलेल्यांची गाववार यादी करून ती तहसीलदारांना द्यावी, आणि ओळख पटविण्याचा कागदी मार्ग लेखी मागावा. मुदत उलटलेल्या दाखल्यांसाठी तीस दिवसांत पहिले अपील करावे, मग दुसरे. तिसरे लोकसेवा हक्क आयोगाकडे जाते आणि या विभागाच्या आयुक्तांचे कार्यालय अमरावतीला आहे. तेथवरची एस. टी. शासन पाठविणार नाही. वर्गणी आतापासून काढलेली बरी.