हाड जुळले, पण हात उठतो का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे खोपोलीहून घाट चढणारा दुचाकीस्वार जुन्याच महामार्गाने जातो आणि कर्जतहून पनवेलकडे निघालेलाही चौकला त्याच रस्त्याला लागतो. तिथे तो खांद्यावर आपटला की खांदा खाली दाबला जातो, मान उलट बाजूला झटकते आणि मानेतून हाताकडे येणारे मज्जातंतूंचे जाळे ताणले जाते. कधी मुळातूनच तुटते. मोडलेले हाड एक्स-रेत दिसते, हे जाळे दिसत नाही. त्यामुळे हाडावर उपचार होतात, हात झोळीत जातो आणि झोळीतला हात लुळा आहे हे आठवडे लोटल्यावर कळू शकते. म्हणून हाताच्या अपघाताचा पहिला केसपेपर मज्जातंतूंच्या नोंदीशिवाय पूर्ण मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

ही नोंद करायला यंत्र लागत नाही, कारण दंडाची रचनाच ती सांगते. खांद्याचा डेल्टॉइड स्नायू अॅक्सिलरी मज्जातंतूवर चालतो. हात बाजूला उचलता येतो का, हे पाहायचे. कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सला मस्क्युलोक्युटेनियस मज्जातंतू हुकूम देतो. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स आणि मनगट वर उचलणारे स्नायू रेडियलच्या ताब्यात असतात. हा रेडियल दंडाच्या हाडाला मागून चिकटून वळसा घेतो, म्हणून हाड मधोमध मोडले की मनगट लुळे पडू शकते. चार हालचाली पाहायच्या आणि चार ओळी लिहायच्या, एवढेच काम.

यावर डॉक्टर म्हणतील, असे बरेच मज्जातंतू आपोआप सावरतात, मग घाई कशाला? दंडाच्या हाडासोबत दुखावलेला रेडियल बहुतेकदा सावरतो, हे खरेच आहे. पण पहिल्या दिवशीची नोंद नसेल तर सुधारणा मोजायची कशाशी? मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि हुकूम न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. त्यामुळे तुटलेल्या जाळ्यावरची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते. दुसरा आक्षेप असा की शस्त्रक्रियेनंतरही हात पूर्ववत होत नाही. नसेल होत, पण भातलावणीला एका हातात रोपांची मूठ धरून दुसऱ्याने रोवायचे असते, आणि बोटे चालत असतील तर नुसते कोपर वाकले तरी ती मूठ धरता येते. तालुक्याच्या डॉक्टरांवर कामाचा ताण आहे, हे मान्य. पण इथे मिनिटभराची तपासणी टळली तर पुढे हात जाण्याची भीती आहे.

कर्जत-खालापूरच्या प्रत्येक दवाखान्यात ही चार ओळींची नोंद सक्तीची व्हावी. आणि तोवर रुग्णाच्या माणसांनी घरी निघण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारावे: कोपर वाकते का, मनगट उठते का, ते कागदावर लिहून द्याल का?