पट्टी तिची, निकालही तिचाच

पाळी चुकली हे सगळ्यात आधी जिची चुकली तिला कळतं. त्यानंतर मात्र आपल्या बऱ्याच घरांत तिला बाजूला सारलं जातं. मेडिकलमधून किट नवरा आणतो, पट्टी सासू वाचते आणि निकाल नणंद फोनवरून खानदानभर कळवते. एकच रेघ आली तर ‘हिच्यातच दोष’, दोन आल्या तर ‘मुबारक हो’, आणि दुसरी रेघ फिकट आली तर ‘मुलगी दिसतेय’. जिच्या लघवीची तपासणी झाली, तिला त्या रेघांचा अर्थ कुणी सांगितलेलाच नसतो.

यावर बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘हया ठेवा, या गोष्टी उघड बोलायच्या नसतात.’ माझा साधा प्रश्न आहे. सगळ्या घराने सुनेच्या लघवीची पट्टी उजेडात धरून पाहणं बेशर्मी नाही, आणि तिने ती पट्टी वाचायला शिकणं मात्र बेशर्मी, हा कुठला हिशेब?

शिकायला फार काही लागत नाही. गर्भ गर्भाशयात रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं आणि ते लघवीत उतरतं. पट्टी फक्त तेच शोधते. म्हणून पाळीची तारीख उलटण्याआधी केलेली चाचणी अनेकदा ‘नाही’ म्हणते आणि ते उत्तर खोटं ठरतं. पाळी अनियमित असेल, तर संबंध आल्यापासून तीन आठवड्यांनी चाचणी करावी. सकाळची पहिली लघवी घ्यावी, पाकिटावरची मुदत पाहावी, सांगितले असतील तेवढेच थेंब टाकावेत आणि सांगितलेल्या मिनिटांतच निकाल पाहावा. ‘सी’जवळची रेघ चाचणी नीट झाल्याचं सांगते. ती उमटली नाही तर ती पट्टी बाद. ‘टी’जवळ रंगीत रेघ आली, मग ती कितीही फिकट असो, उत्तर ‘हो’ आहे. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली करडी, बिनरंगाची रेघ मोजायची नाही. उत्तर ‘नाही’ आलं आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याभराने पुन्हा चाचणी करावी.

पट्टी काय सांगत नाही, तेही कळलं पाहिजे. ती मुलगा-मुलगी सांगत नाही. गर्भ किती आठवड्यांचा, हे साधी पट्टी सांगत नाही. तो गर्भाशयात आहे की नळीत अडकला आहे, हेही सांगत नाही. उत्तर ‘हो’ असताना पोटात एका बाजूला जोराची कळ आली, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर सासूच्या परवानगीची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. नळीतला गर्भ फुटला तर बाईचा जीव जातो.

या अज्ञानाची सगळ्यात महागडी किंमत नवी नवरी मोजते. निकाहला चार आठवडे झालेले असतात. पट्टीवर दोन रेघा येतात, डॉक्टर ‘सहा आठवडे’ लिहून देतात आणि घरात बोटांवर मोजणी सुरू होते. चार आठवड्यांचा निकाह आणि सहा आठवड्यांचं पोट? मग कुजबुज, मग माहेरी रवानगी, मग तलाकची भाषा. खरं तर डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. ते दोन आठवडे प्रत्येकीच्या हिशेबात असतात, संशय घेणाऱ्याच्या अम्मीच्याही हिशेबात होते. एवढं एक वाक्य माहीत नसल्यामुळे कुणाच्या चारित्र्यावर डाग लागत असेल, तर गुन्हा त्या मुलीचा नाही. तो आपण पाळलेल्या मौनाचा आहे.

याच मौनामुळे ‘पाळी आणायची गोळी’ चिठ्ठीशिवाय मागितली जाते, तीही अनेकदा चाचणी न करताच. एकेकाळी आपल्या देशात गर्भ आहे का हे पाहायला हार्मोनच्या जादा मात्रेची औषधं दिली जात. स्त्री संघटना त्याविरुद्ध लढल्या आणि १९८८ साली त्यांवर बंदी आली. आज लघवीचे काही थेंब पुरत असताना आंधळेपणाने गोळी गिळायचं कारण नाही. मूल नको असेल तर १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे. त्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर अविवाहितेलाही गर्भनिरोधक फसल्याचं कारण सांगता येतं, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण कायद्यातले आठवडे मर्यादित आहेत. पट्टी उशिरा केली, चुकीची वाचली, तर हातातली वेळ निघून जाते.

आता धर्माचं. सूरह बकराची २२८वी आयत तलाक झालेल्या स्त्रियांना बजावते की अल्लाहने गर्भाशयात जे निर्माण केलं ते लपवणं त्यांना वैध नाही. ही आयत बायकांना धाक घालायला खूप वापरली जाते. पण ती नीट ऐका. ‘लपवू नकोस’ हे तिलाच सांगितलं आहे, कारण आपल्या पोटातलं आधी तिला ठाऊक असतं. साक्ष तिची धरली आहे, सासूची किंवा दिराची नाही. मग जिच्यावर साक्षीची जबाबदारी टाकली, तिला ते ओळखण्याचं ज्ञान द्यायचं नाही, हा न्याय कसा? गरोदर बाईला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे. ती घ्यायची तरी आपण गरोदर आहोत हे तिला आधी कळायला हवं. आणि हयेचं म्हणाल, तर हजरत आयशांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याच गोष्टीसाठी, की धर्म समजून घेताना त्यांनी लाजेला आड येऊ दिलं नाही. त्या स्त्रिया पाळीबद्दल, गुस्लबद्दल थेट विचारत. आपण त्यांच्यापेक्षा जास्त हयादार झालो आहोत का?

मागणं मोठं नाही. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळायला हवं. ते वस्तीत येतं का, हे मोहल्ला कमिटीने विचारावं. निकाहनामा भरताना मेहेरची रक्कम जेवढ्या काळजीने लिहितो, तेवढ्या काळजीने आठवड्यांची मोजणी नवरा-नवरी दोघांना कुणीतरी समजावून सांगावी. मदरशातल्या आणि शाळेतल्या मोठ्या मुलींना एखाद्या डॉक्टर बाजीने तासभर भेटावं, आणि मुलांनाही तेच शिकवावं, कारण संशय घेणारे पुढे तेच असतात.

आणि घरातल्या मोठ्यांनी एवढंच करावं. ती पट्टी घेऊन बाथरूममधून बाहेर येईल तेव्हा हात पुढे करू नये. आधी तिला वाचू द्यावं. कुणाला सांगायचं आणि कधी, ते ती ठरवेल.