उंबरठ्यावर अडलेला हक्क

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या गावांत घर भाड्याने देणे हा आता मोठा आणि नियमित व्यवहार झाला आहे. औद्योगिक वसाहत, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि विद्या प्रतिष्ठानसारख्या शिक्षणसंस्था, २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परिसरातील सहकारी साखर कारखाने आणि बँका यांमुळे बारामतीत बाहेरगावची माणसे सातत्याने येत असतात. सोलापूर महामार्गावरील इंदापुरातही तहसील, न्यायालय, महाविद्यालय आणि बाजारपेठ यांच्या निमित्ताने हेच लहान प्रमाणावर घडते. या माणसांना निवारा देणारा घरमालक हा बहुधा कोणी धनदांडगा नसतो. आयुष्यभर नोकरी करून, निवृत्तीच्या पैशातून दुसरी सदनिका घेऊन ठेवलेला तो एक सामान्य गृहस्थ असतो. भाड्याच्या उत्पन्नावर त्याच्या औषधपाण्याचा किंवा नातवंडांच्या शिक्षणाचा भार हलका होतो.

या व्यवहारात सगळ्यांचा विचार झालेला आहे. घरमालकाची अनामत, एजंटाची दलाली, सोसायटीचे शुल्क, पोलीस ठाण्यात द्यावयाची भाडेकरूची माहिती, साऱ्याची रीत ठरून गेली आहे. रीत ठरलेली नाही ती एकाच माणसाची. व्हीलचेअरवर किंवा कुबड्यांच्या आधाराने चालणाऱ्या भाडेकरूची.

कार्यालयापर्यंत पोहोचलेला कायदा

दिव्यांगांसाठी या देशात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९९५ च्या कायद्याने त्यांना शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, ते प्रमाण ४ टक्के केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव ठेवल्या आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढवले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि तो रूढही झाला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. 

ही सारी वाटचाल मोलाची आहे. परंतु ती कुठवर आली, हेही पाहिले पाहिजे. २०१६ च्या कायद्याने अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत कार्यालये, शाळा, रुग्णालये, दुकाने, धर्मस्थळे आणि करमणुकीची ठिकाणे येतात. माणूस रात्री जेथे अंग टाकतो ते खासगी घर त्यात येत नाही.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो? आरक्षणाच्या जागेवर निवड झालेला एखादा तरुण लिपिक म्हणून बारामतीत रुजू होतो. कार्यालयाच्या दाराशी त्याच्यासाठी रॅम्प आहे, टेबलही सोयीचे आहे. संध्याकाळी पाच-सहापर्यंत तो राज्यघटनेने समान हक्क दिलेला नागरिक असतो. कार्यालय सुटल्यावर मात्र तो दुसऱ्या मजल्यावरील खोलीच्या जिन्याशी येऊन थांबतो. कुणीतरी खांद्याला खांदा द्यावा, याची वाट पाहत उभा राहतो. नोकरी मिळाली, पण नोकरीच्या गावी राहता येत नाही, अशा नोकरीचा त्याला उपयोग किती? मुलीच्या बाबतीत तर आई-वडील तेथेच निर्णय घेऊन टाकतात: नको ते परगाव, घरीच बरी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत घडलेला प्रसंग अनेकांना आठवत असेल. विवाह नोंदणीचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. व्हीलचेअरवरील वधूला तिच्या लग्नाच्या दिवशी उचलून वर न्यावे लागले. हा प्रकार गाजला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ते कार्यालय सरकारी होते म्हणून दिलगिरी व्यक्त करायला कोणीतरी होते. भाड्याच्या घराच्या जिन्यावर हेच रोज, दिवसातून दोनदा घडते, तेव्हा दिलगिरी कोणी व्यक्त करायची?

तळमजला कुठे गेला?

जुन्या वाड्याला उंच जोते आणि उंबरठा असे, हे खरे. पण माणसांचा वावर जमिनीलगत होता. अपार्टमेंटच्या रचनेत तळमजला वाहनांना गेला आणि माणसे वर सरकली. ठरावीक उंचीच्या आतील इमारतीला लिफ्टचे बंधन नाही, त्यामुळे लहान गावांतील तीन-चार मजली इमारती बहुधा लिफ्टवाचूनच उभ्या राहतात. लिफ्ट असली तरी तिच्यापर्यंत जाण्यासाठी आधी तीन पायऱ्या चढाव्या लागतात, हा अनुभवही विरळा नाही.

आतली अडचण इंचांची असते. व्हीलचेअरची रुंदी साधारण पंचवीस ते सत्तावीस इंच. स्नानगृहाचे दार अडीच फुटांचे, त्यातून चौकट आणि दाराची जाडी वजा केली की खुर्ची दारातच अडकते. न्हाणीघराचा चार इंचांचा उंबरा धडधाकट माणसाच्या ध्यानातही येत नाही. कृत्रिम पाय लावणाऱ्याला तो रोजचा धोका असतो. रॅम्पचा सर्वमान्य उतार एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट आणि तीन पायऱ्यांना अठरा फूट जागा लागते. बांधतानाच विचार केला तर ही जागा सहज निघते. नंतर ती शोधावी लागते आणि बहुधा ती कोणाच्या तरी पार्किंगमध्ये सापडते. तंटा तेथूनच सुरू होतो.

एअर कंडिशनर आठवला, दांडा विसरला

भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने सोय करून घेतली तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे उत्तर मोठे बोलके आहे. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम केले, तर त्या कायद्यानुसार भाडेकरूला घराबाहेर काढता येते. मात्र कोणती कामे ‘कायमस्वरूपी’ समजू नयेत, याची यादीही कायद्याने स्पष्टीकरणात दिली आहे. लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, धुराची चिमणी आणि एअर कंडिशनरदेखील त्या यादीत आहे. उंबऱ्यावरचा लहानसा रॅम्प किंवा शौचालयाच्या भिंतीला लावायचा आधाराचा दांडा यांचा मात्र तेथे उल्लेख नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढे जो भाडेकरू उभा होता, तो दोन पायांवर उभा होता, इतकेच.

आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. तेथे कराराचा मजकूर निर्णायक, आणि छापील मजकुरात ‘जागेत कोणताही फेरबदल करणार नाही’ हे कलम हमखास असते. गंमत अशी, की हा करार हल्ली संगणकावर, अंगठ्याचा ठसा देऊन घरबसल्या नोंदवता येतो. नोंदणीसाठी जिना चढावा लागत नाही. राहण्यासाठी चढावा लागतो.

सोसायटीत तर अडचण दुहेरी होते. भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही. जिना, प्रवेशद्वार, लिफ्ट या साऱ्या सामाईक गोष्टींसाठी घरमालकानेच अर्ज करायचा. सदनिका भाड्याने दिली म्हणून सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क घेते, तेही अखेर भाड्यातूनच वसूल होते. पैसा चालतो, गाऱ्हाणे मात्र ऐकले जात नाही. एक गोष्ट येथे व्यवस्थापन समित्यांनी ध्यानात घ्यावी. २०१६ च्या कायद्यातील ‘खासगी आस्थापना’ या संज्ञेत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला आस्थापनेस बांधकाम परवानगी देऊ नये, असे त्या कायद्याचे ४४ वे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचा नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपाचा असणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश केंद्राला दिला. ‘हे आमच्यावर बंधनकारक नाही’ असे म्हणण्याचे दिवस सरत आले आहेत.

घरमालकाची भीती आणि तिचे उत्तर

घरमालकाचे मनही समजून घेतले पाहिजे. भिंत खराब झाली तर? जिन्यात पडून काही बरेवाईट झाले तर? उद्या जागा सोडायला सांगायची वेळ आली तर लोक नावे ठेवतील, त्यापेक्षा ‘घर नातेवाइकांसाठी ठेवले आहे’ असे सांगितलेले बरे, असा विचार तो करतो. ही भीती खोटी नाही. पण तिला उत्तर आहे. अमेरिकेने १९८८ मध्ये आपल्या गृहविषयक कायद्यात दुरुस्ती करून मध्यममार्ग काढला. दिव्यांग भाडेकरूला आवश्यक ते बदल स्वखर्चाने करू द्यावेत. जागा सोडताना आतले बदल पूर्ववत करून देण्याची अट मालकाला घालता यावी. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानेही अशा सुधारणांना वाजवी कारणाशिवाय नकार देण्यास मनाई केली, आणि तेथील स्थानिक संस्था घरातील अशा बदलांसाठी भाडेकरूंनाही अनुदान देतात. मालकी अबाधित राहते आणि माणूसही घरात राहतो.

आपल्याकडे हे करण्यास कोणती अडचण आहे? भाडे नियंत्रण कायद्याच्या त्या स्पष्टीकरणात ‘दिव्यांगासाठी आवश्यक रॅम्प, आधाराचे दांडे आणि रुंद दार’ एवढे शब्द घालणे विधिमंडळाला अवघड नाही. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा नियम आहेच. बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांनी त्यातील काही भाग घरातील सोयींसाठी राखून ठेवावा, भाड्याच्या घरालाही तो लागू करावा, आणि आपली सदनिका सुगम्य करणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत द्यावी. शौचालयातला एक पोलादी दांडा गावातला कोणताही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात बसवून देतो.

आणि कायद्याची वाट पाहण्याचे तरी कारण काय? करारात एक कलम वाढवण्यासाठी विधेयक लागत नाही: ‘भाडेकरूने स्वखर्चाने आवश्यक सोय करून घ्यावी, जागा सोडताना ती पूर्ववत करून द्यावी, तोवर मालकाची हरकत नाही.’ अनामत रकमेत मालकाची सुरक्षितता आहे. मुदतीचे म्हणाल, तर लायसन्सची मुदत संपल्यावर जागेचा ताबा परत मिळण्याची तरतूद कायद्याच्या २४ व्या कलमात आहे. दिव्यांग भाडेकरूमुळे ती बदलत नाही.

सेवा कशाला म्हणावे?

‘आपल्याकडे माणुसकी आहे, शेजारीपाजारी उचलून नेतात, पाश्चात्त्यांसारखे कायदे कशाला?’ असा युक्तिवाद होतो. शेजारधर्म ही आपल्या समाजाची खरी श्रीमंती आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला रोज उचलावे लागते, त्याच्या बाजूनेही एकदा पाहावे. दूध आणायला जायचे तर हाक मारायची, पावसात गच्चीवरचे कपडे भिजत असतील तर बघत बसायचे, मित्राकडे जावेसे वाटले तर आधी कोणाला वेळ आहे ते विचारायचे. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस हळूहळू इच्छा करणेच सोडून देतो. चार जणांनी मिळून खुर्ची जिन्यावरून उचलणे ही सेवा खरीच. पण ती रोज करावी लागू नये अशी व्यवस्था उभी करणे ही अधिक मोठी सेवा आहे. अंत्योदयाचा विचार सांगणाऱ्या समाजाने शेवटच्या माणसाला वर उचलण्याआधी त्याच्या वाटेतील पायरी कोणी बांधली, हेही विचारले पाहिजे.

दरवर्षी आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरात येते. या पट्ट्यातील घरे त्या दिवसांत अनोळखी माणसांसाठी उघडी असतात. ओटी, अंगण, पाण्याचा नळ, कशालाही आडकाठी नसते. येणाऱ्याची जात, गाव, ऐपत कोणी विचारत नाही. परक्याची सोय पाहण्याचा हा संस्कार येथे शिकवावा लागत नाही. तो भाडेकराराच्या कागदापर्यंत आणायचा, एवढेच काम उरले आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. त्या यादीत नसलेले, गुडघ्यांनी हार खाल्लेले, पक्षाघाताने एक बाजू गमावलेले वृद्ध तर घरोघरी आहेत. आज जो घरमालक पायरीला हरकत घेत नाही, त्यालाही कधीतरी तीच पायरी चढायची आहे. येत्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या विषयांबरोबर प्रवेशद्वारापाशी रॅम्प करण्याचा ठरावही मांडावा. तो मांडायला भाडेकरूला मताचा अधिकार नाही, सभासदाला आहे.