आडनावाच्या आड



आमच्या वस्तीतली एक मुलगी बी.ए. होऊन स्वारगेटजवळच्या एका दुकानात नोकरीला लागली, त्याला दोन वर्षे झाली. परवा ऑफिस सुटण्याच्या वेळी ती माझी वाट पाहत बाहेर उभी होती. "मावशी, जरा बोलायचं होतं," म्हणाली. एस.टी. स्टँडच्या बाजूला आम्ही चहा घ्यायला बसलो. चहा निवून गेला तरी तिने कपाला हात लावला नव्हता.

दुकानातल्याच एका मुलाशी तिचे मन जुळले आहे. मुलगा मराठा समाजाचा, निर्व्यसनी, वागायला नीट. तिचे आडनाव जाधव, गायकवाड, मोरे, शिंदे यांपैकीच एक धरा. ही आडनावे त्यांच्यातही आहेत आणि आपल्यातही. पहिल्या ओळखीत त्याने "म्हणजे कुठले?" असे विचारले. तिने गाव सांगितले. त्याने जे समजायचे ते समजून घेतले आणि ही गप्प बसली. त्या दिवशी ती खोटा असा एक शब्दही बोलली नव्हती.

पुढे दोघे सारसबागेत भेटू लागले. तिथे मधोमध तळ्यातला गणपती. पहिल्या वेळी हिने पाय दुखतो म्हणून सांगितले. दुसऱ्या वेळी गेली, हात जोडले, प्रसाद घेतला. बावीस प्रतिज्ञांतली तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीची, आणि या मुलीला बावीसही तोंडपाठ आहेत. मग त्याने गणपतीचे पदक दिले. ते ती दिवसभर गळ्यात घालते आणि वस्तीच्या कोपऱ्यावर काढून पर्समध्ये ठेवते. घरी त्याला कधी बोलावले नाही, कारण दार उघडताच समोर बुद्ध आणि बाबासाहेब.

इथवरचे ती कोरड्या डोळ्यांनी सांगत होती. चौदा एप्रिलला त्याचा फोन आला. मागे लाऊडस्पीकर चाललेला. "कसला आवाज?" त्याने विचारले. ही म्हणाली, "शेजारच्या वस्तीत मिरवणूक आहे."

अंगावर पांढरी साडी होती तिच्या.

"तेवढं एक वाक्य मला झोपू देत नाही, मावशी. दर रविवारी चौथं शील म्हणते मी. नुसतं गप्प बसणं त्यात मोडतं का हो?"

प्रेम केलेस म्हणून मी तिला एका शब्दानेही बोलले नाही. बोलायला तोंडच नाही आपल्याला. १९३६ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी जातीवर खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि १९५६ साली नागपुरात माईसाहेबांनी त्यांच्यासोबत धम्मदीक्षा घेतली. (आपल्या वधू-वर मेळाव्यात फॉर्म भरताना हळूच पोटजात विचारणाऱ्या पालकांनी हे एकदा वाचावे. त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.) पण लपवून केलेल्या लग्नाने जात कशी मोडेल? ती सुनेबरोबर सासरी जाईल आणि जन्मभर पर्समधल्या त्या पदकासारखी लपूनच राहील.

तिची भीती खोटी आहे असेही मी म्हणाले नाही. २८ एप्रिल २०१४ ला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्ड्याच्या नितीन आगेला मारले ते गावातल्या सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून. २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. हे माहीत असलेल्या आईने मुलीला घराबाहेर पाठवताना धसका घेतला तर तिला मागासलेली म्हणू नये.

म्हणून सांगितले ते एवढेच. माणसांच्या वर्दळीत भेट, मैत्रिणीला सांगून जा. "मी बौद्ध आहे" हे आधी सांग, आडनावाचा खुलासा मागून. त्याने त्याचा देव सोडावा असा हट्ट धरू नकोस. तो दर्शनाला गेला तर तू बाहेर बाकावर बसशील, हे त्याला चालते का ते मात्र बघ. लग्नापर्यंत गोष्ट गेली तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा हवा, तीस दिवसांची नोटीस लागते. धर्म कोणालाच बदलावा लागत नाही.

"आणि तो सोडून गेला तर?"

मी म्हणाले, "मग त्याने आडनावावर प्रेम केलं होतं असं समज." हे उत्तर तिला पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही. आठ महिने ज्याच्याबरोबर हसलो तो माणूस नुसत्या एका वाक्याने परका होत नाही.

चार दिवसांनी तिने त्याला सांगितले, स्टँडवरच, गाड्यांच्या आवाजात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला आठ दिवस दे." त्यातले सहा झाले. ती रोज कामाला जाते, सारसबागेकडे वळत नाही. रविवारी विहारात वंदनेला आली होती, शेवटच्या ओळीत बसली होती. गळा मोकळा होता.